घाटात क्लचचं पेडल बसलं? गिअरबॉक्स उतरवण्याआधी या चुका टाळा

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन कोकणात निघालेल्या मंडळींवर ही वेळ बहुतेकदा आंबेनळी, कुंभार्ली नाहीतर आंबा घाटातच येते. त्याचं कारण साधं आहे. चढावर, वळणावर, समोर एसटी आली की क्लच सारखा दाबावा लागतो आणि क्लचच्या तेलाच्या सिलिंडरमधलं झिजलेलं रबर तिथेच दम सोडतं. पेडल मऊ लागायला लागतं, मग खालीच राहतं, गिअर करकरतो. गाडीतलं कोणीतरी लगेच निदान करतं: "क्लच प्लेट गेली." मग गाडी ओढून गॅरेजला नेतात, गिअरबॉक्स उतरतो, नवी प्लेट बसते, आणि पेडल मात्र तसंच मऊ राहतं. बिघाड मुळात होता छोट्याशा रबरी सीलमध्ये. प्रवासात खर्च आणि दिवस दोन्ही वाया घालवणारी सर्वांत मोठी चूक हीच.

प्लेट घसरते आहे की क्लच सुटतच नाही?

प्लेट झिजली की इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही. चढावर जळका वास येतो. गिअर मात्र नीट पडतात. हायड्रॉलिकमध्ये (म्हणजे पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइलचा दाब पाइपने गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरपर्यंत नेऊन क्लच सोडवणाऱ्या यंत्रणेत) बिघाड असेल तर नेमकं उलटं होतं: पेडल पूर्ण दाबूनही क्लच सुटत नाही, इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही, म्हणून गिअर पडत नाही, आणि पहिली कुरकुर बहुधा रिव्हर्सला ऐकू येते.

खात्री करायची असेल तर गाडी सपाट जागी घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा आणि इंजिन बंद करून गिअर टाकून बघा. बंद इंजिनवर सगळे गिअर सहज पडतात आणि चालू इंजिनवर पडत नाहीत, तर क्लच सुटत नाही हे नक्की. बंद इंजिनवरही अडत असतील तर आधी गिअरची लिंक तपासा. (ओम्नीसारख्या गाडीत क्लच केबलवर चालतो. तिथे यातलं तेलाचं काहीच लागू नाही, केबल बघायची.)

आता पेडल चार-पाच वेळा भरभर मारा. ते कडक झालं आणि गिअर पडला, तर पाइपमध्ये हवा शिरली आहे, तेल कमी झालं आहे किंवा सील दाब धरत नाही. दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली बुडत असेल आणि बाहेर कुठेही गळती नसेल, तर संशय मास्टर सिलिंडरच्या आतल्या सीलवर घ्या. गाडी थंड झाल्यावर पेडल आपोआप परत आलं, तर तेल जुनं झालं असण्याची शक्यता मोठी. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर तो १४० च्या आसपास येतो. तापलेल्या गिअरबॉक्सला चिकटलेल्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये मग वाफ धरते.

गळती शोधताना फक्त गाडीखाली बघू नका

मास्टर सिलिंडर गळला की तेल पेडलच्या दांड्यावरून आत, ड्रायव्हरच्या पायाशी उतरतं. तिथली मॅट उचलून हात फिरवा. मग गाडीखाली स्लेव्ह सिलिंडरचं रबरी टोपण मागे सारा. आत ओलं असेल तर सील गेलं. रबरी होजही हातात धरून बघा. कोणीतरी पेडल दाबताना ती फुगत असेल तर दाब तिथेच जिरतो आहे.

आणि गिअरबॉक्स उतरवायचा की नाही, हे ठरवणारी तपासणी ही: दुसऱ्याला पेडल दाबायला सांगा आणि स्लेव्हचा दांडा बघा. दांडा जेमतेम हलला किंवा हललाच नाही, तर दोष बाहेर आहे, गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका. दांडा पूर्ण सरकतो आणि तरीही क्लच सुटत नाही, तेव्हाच फोर्क, रिलीज बेअरिंग, प्रेशर प्लेट हे आतलं प्रकरण आहे. काही गाड्यांत स्लेव्ह बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या कवचाच्या) आतच असतो. तिथे मात्र बेल हाउसिंगच्या तळातून ब्रेक ऑइल टपकताना दिसलं तर उतरवण्यावाचून इलाज नाही.

तेल कमी दिसलं म्हणून हाताला येईल ते ओतू नका

इंजिन ऑइल, गिअर ऑइल, स्टिअरिंगचं तेल यांपैकी काहीही चालत नाही. खनिज तेलाने सिस्टिममधली रबरं फुगतात आणि एका सिलिंडरचं काम सगळ्या सिस्टिमवर जातं. क्लचच्या तेलाच्या छोट्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं डॉट ३ किंवा डॉट ४ तेलच घाला, तेही सीलबंद बाटलीतलं. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उतरतो.

अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असते. क्लचची नळी सहसा वरच्या बाजूला असते, म्हणून पातळी उतरली की आधी क्लच बोलतो. ही सूचना मिळूनही "पेडल मारत मारत जाऊ" म्हणत माणसांनी भरलेली गाडी घाट उतरवणं मला अजिबात मान्य नाही. आधी गळती शोधा, ब्रेकचं पेडल तपासा, मग पुढचं बघा.

हवा काढताना घाई नडते. स्लेव्हवरच्या निपलला (हवा सोडायच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक तेलाच्या बाटलीत बुडवा. पेडल दाबून धरलं की निपल उघडा, निपल बंद झाल्यावरच पेडल सोडा. क्रम चुकला की हवा परत आत. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका.

पेडल खाली जातं म्हणून पेडलच्या दांड्याचा प्ले (सुरुवातीची मोकळी हालचाल) काढून टाकणारेही भेटतात. त्याने तेल टाकीत परतायची वाट बंद होते, दाब अडकून राहतो आणि चांगली प्लेटही घसरून जळते. आणि जुन्या गाडीत स्लेव्ह बदलत असाल तर मास्टरही बघाच. दोघांचं वय सारखंच असतं, आणि नव्या स्लेव्हने दाब धरला की जुनं मास्टर अनेकदा थोड्याच दिवसांत गळायला लागतं.