इंग्रजी व्यंजने उच्चारताना या चुका टाळा

इंग्रजी शब्द आपण मनातल्या मनात देवनागरीत लिहितो आणि मग त्या लिहिलेल्या अक्षराचाच उच्चार करतो. मराठी भाषकांच्या बऱ्याचशा चुकांचे मूळ मला या सवयीत दिसते. भारतीय वळणाचे इंग्रजी मुळीच कमी प्रतीचे नाही, पण ऐकणाऱ्याच्या कानावर भलताच शब्द पडू लागला की दुरुस्ती करावीच लागते.

सर्वांत दुर्लक्षित चूक 'प', 'ट' आणि 'क' यांची आहे. आपले हे तिन्ही वर्ण अल्पप्राण आहेत. इंग्रजीत मात्र आघात असलेल्या शब्दावयवाच्या (सिलॅबलच्या) आरंभी त्यांच्यासोबत हवेचा झोत बाहेर पडतो, आणि तो नसेल तर ब्रिटिश किंवा अमेरिकी श्रोत्याला 'पिन'च्या जागी 'बिन', 'कोट'च्या जागी 'गोट' ऐकू येण्याचा संभव असतो. पातळ कागदाची पट्टी ओठांसमोर धरून 'पिन' म्हणावे. पट्टी स्पष्ट हलली पाहिजे. त्याच पट्टीसमोर 'स्पिन' म्हटल्यावर ती जवळजवळ स्थिर राहिली पाहिजे, कारण 'स'नंतर हा झोत नसतो. नव्याने शिकणारे उत्साहाच्या भरात तिथेही तो घालतात.

'थिंक' या शब्दात आपला 'थ' वापरणे ही दुसरी चूक. 'थ' म्हणताना जीभ हवा पूर्ण अडवते, त्यामुळे तो लांबवता येत नाही. इंग्रजी ध्वनी मात्र 'स'सारखा हवा तितका लांबवता येतो. जिभेचे टोक वरच्या दातांच्या कडेला हलकेच लावून हवा सतत वाहू द्यावी; जीभ बाहेर काढून दाखवण्याची गरज नाही. त्यातच कंठाचा नाद मिसळला की 'दिस', 'दॅट' यांतला ध्वनी मिळतो.

'वेस्ट' म्हणजे पश्चिम आणि 'व्हेस्ट' म्हणजे बनियन, हा भेद आपण लिहून दाखवतो. परंतु 'व्ह' वाचताना त्यात 'ह' मिसळतो, जो इंग्रजीत नाही. आरशात पाहावे : पहिल्या शब्दात ओठांचा चंबू होतो आणि दात लागत नाहीत, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात.

'झिप'मधला 'झ'ही असाच फसवा आहे. लांब 'स' म्हणता म्हणता कंठावर बोट ठेवून नाद सुरू करावा. हवा न अडता जो गुणगुणता ध्वनी येतो, तोच 'डॉग्स' आणि 'वॉज'च्या शेवटीही असतो, जरी स्पेलिंगमध्ये तिथे एस दिसत असला तरी.