फ्रान्समधील शिक्षणाची वाट: मातेर्नेलपासून विद्यापीठापर्यंत

मुलांना घेऊन फ्रान्समध्ये राहायला जाणाऱ्या पालकांचा गोंधळ शाळेच्या नावांपासूनच सुरू होतो. तिथे ‘कोलेज’ म्हणजे अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलांची शाळा. पदवीशी तिचा काही संबंध नाही. शिवाय वर्गांचे आकडे उलटे चालतात. मूल कोलेजात ‘सहावी’त पाऊल टाकते आणि पाचवी, चौथी, तिसरी असे उतरत पुढच्या शाळेत, म्हणजे लिसेत, दुसरी व पहिली पूर्ण करते, त्यानंतरचे अखेरचे वर्ष म्हणजे तेर्मिनाल. त्यामुळे ‘मुलगी तिसरीत आहे’ असे कोणी सांगितले, तर ती चौदा-पंधरा वर्षांची आहे आणि घरात पुढच्या शाखेची चर्चा चालू आहे, असे समजावे. या व्यवस्थेत खरी निवड दोनच ठिकाणी होते, एकदा या तिसरीच्या अखेरीस आणि दुसऱ्यांदा तेर्मिनालमध्ये. पहिल्या निवडीपर्यंत सगळी मुले जवळजवळ एकाच रस्त्याने चालत असतात.

सरकारी शाळेतील प्राथमिक शिक्षण १८८१ पासून मोफत आणि १८८२ च्या कायद्यापासून सक्तीचे व धर्मनिरपेक्ष आहे. सक्तीचे वय पूर्वी सहापासून सुरू होत असे. २०१९ पासून ते तीन ते सोळा वर्षे असे आहे. तीन वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघरे आणि घरी मुले सांभाळणाऱ्या परवानाधारक बाया असतात, पण त्या शाळेचा भाग नव्हेत आणि तिथे जागा मिळवणे हा वेगळाच उद्योग आहे. मूल ज्या वर्षी तीन वर्षांचे होते, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ते मातेर्नेलच्या, म्हणजे बालवाडीच्या, ‘लहान गटा’त जाते, मग मधला आणि मोठा गट. इथे जन्मतारखेपेक्षा जन्मवर्ष महत्त्वाचे असते, म्हणून डिसेंबरात जन्मलेले मूल वर्गातल्या जानेवारीच्या मुलांपेक्षा जवळजवळ वर्षभराने लहान असू शकते.

नोंदणीसाठी थेट शाळेत न जाता आधी नगरपालिकेच्या कार्यालयात, म्हणजे ‘मेरी’त जावे. बरोबर मुलाच्या जन्माचा व पालकत्वाचा पुरावा, राहत्या घराच्या पत्त्याचा पुरावा आणि लसीकरणाची नोंद न्यावी. घटसर्प, धनुर्वात आणि पोलिओ या लसी सर्वांना लागतात, आणि २०१८ पासून जन्मलेल्या मुलांसाठी यादी त्याहून बरीच लांब आहे. सरकारी शाळा पत्त्यावरून ठरते, त्यामुळे घर भाड्याने घेण्यापूर्वीच त्या रस्त्याला कोणती शाळा लागू आहे हे मेरीत विचारून ठेवणे शहाणपणाचे. मेरीने दिलेला दाखला घेऊन मग मुख्याध्यापकांना भेटायचे. पालकांचा निवास परवाना मागून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. फ्रेंच अजिबात न येणाऱ्या मुलाला नेहमीच्याच वर्गात बसवून आठवड्यातील काही तास वेगळे भाषाशिक्षण दिले जाते. कोलेज किंवा लिसेत जाणाऱ्या मुलाची आधी चाचणी होते, आणि ती कुठे होते हे शिक्षण खात्याच्या स्थानिक कार्यालयात विचारावे.

सहाव्या वर्षी प्राथमिक शाळा सुरू होते. तिचे पाच वर्ग आहेत आणि त्यांतला पहिला, ‘से-पे’, हा वाचन-लेखनाचा. अक्षराला इथे जितके महत्त्व आहे तितके क्वचितच कुठे दिसेल. वहीच्या प्रत्येक आठ मिलिमीटरच्या चौकटीत दोन-दोन मिलिमीटरवर तीन फिक्या आडव्या रेषा असतात. लहान अक्षराने पहिल्या रेषेपर्यंतच थांबायचे, ‘टी’ आणि ‘डी’ने दुसरीपर्यंत आणि ‘एल’ने तिसरीपर्यंत जायचे. मूल पहिल्या दिवसापासून अक्षरे एकमेकांना जोडणाऱ्या वळणाने लिहिते. घरी लेखी गृहपाठ देण्यास १९५६ पासून अधिकृत मनाई आहे, हे ऐकून पालक सुखावतात. प्रत्यक्षात पाठांतर आणि वाचन घरी येतेच, आणि लेखी कामही पुष्कळदा येते.

कोलेजची चार वर्षे १९७५ च्या कायद्यापासून सर्वांना समान आहेत. अखेरीस ‘ब्रव्हे’ नावाची परीक्षा असते. तिच्याभोवती बरीच धामधूम होते, पण तिच्यात नापास झाल्याने लिसेची दारे बंद होत नाहीत. निर्णायक ठरते ती वर्गपरिषद, म्हणजे शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक-विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी यांची दर सत्राची बैठक. दुसऱ्या सत्रात कुटुंब आपली इच्छा लिहून देते, परिषद मत देते आणि तिसऱ्या सत्रात निर्णय होतो. तो पटला नाही, तर मुख्याध्यापकांना भेटून आणि नंतर अपील समितीकडे दाद मागता येते; पण मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून पहिल्या सत्राचे प्रगतिपत्रक हाती येताच बोलणे सुरू करावे. पर्याय दोन: सामान्य व तंत्रशिक्षणाचे लिसे, किंवा व्यावसायिक लिसे, जिथे दोन वर्षांचे ‘सेआपे’ प्रमाणपत्र किंवा तीन वर्षांचे व्यावसायिक बाक (बाक, म्हणजे बाकालोरेआ, ही लिसेच्या अखेरची परीक्षा) करता येते. दुसरा पर्याय कमी प्रतीचा मानण्याची खोड फ्रेंचांनाही आहे, आणि ती अन्यायाची आहे.

सामान्य शाखेत ‘पहिली’ला तीन विशेष विषय घ्यावे लागतात आणि तेर्मिनालला त्यांतले दोन ठेवायचे असतात. बाकालोरेआ परीक्षा नेपोलियनने १८०८ मध्ये सुरू केली. आज तिचे ४० टक्के गुण वर्षभराच्या कामगिरीवर आणि ६० टक्के अंतिम परीक्षांवर ठरतात. त्यांत फ्रेंचची परीक्षा वर्षभर आधीच होते आणि तत्त्वज्ञानाचा पेपर चार तासांचा असतो. गुण वीसपैकी देतात, दहाला उत्तीर्ण. बाराला ‘बरे’, चौदाला ‘चांगले’, सोळाला ‘फार चांगले’ असा शेरा मिळतो. चौदा गुण पाहून हिरमुसू नये.

प्रवेशाचा खरा निकाल मात्र बाकच्या आधीच लागत असतो. २०१८ पासून जवळजवळ सर्व अर्ज ‘पार्कूरस्यूप’ या सरकारी संकेतस्थळावरून होतात. हिवाळ्यात दहापर्यंत पसंती क्रम न लावता नोंदवायच्या आणि जूनच्या सुरुवातीपासून उत्तरे येतात. तिथे ‘पहिली’ आणि तेर्मिनालची प्रगतिपत्रके पाहिली जातात, त्यामुळे बाकमध्ये शेवटच्या क्षणी मारलेली मुसंडी उपयोगी पडत नाही.

इथे परदेशी पालक हमखास चुकतात. सर्वांत मानाच्या समजल्या जाणाऱ्या अनेक संस्था विद्यापीठे नव्हेतच. ‘ग्राँद एकोल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या उच्चशिक्षण संस्थांपैकी एकोल पोलितेक्निक १७९४ ची. त्यांच्याकडे जाणारा जुना मार्ग ‘प्रेपा’ वर्गांतून जातो: लिसेच्याच इमारतीत दोन वर्षे कसून तयारी आणि मग स्पर्धा परीक्षा. विद्यापीठ त्या मानाने खुले असते. तीन वर्षांची लिसाँस ही पदवी, दोन वर्षांचे मास्टर आणि साधारण तीन वर्षांची डॉक्टरेट असा त्याचा क्रम आहे. लवकर नोकरी हवी असेल, तर दोन वर्षांचा ‘बेतेएस’ किंवा तीन वर्षांचा ‘ब्यूत’ हे व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम व्यवहारी मार्ग आहेत.

शुल्काची चौकशी आधी करावी. युरोपीय संघातील विद्यार्थ्याला सरकारी विद्यापीठात लिसाँससाठी वर्षाला दोनशे युरोपेक्षाही कमी लागतात. बाहेरच्या देशांतील विद्यार्थ्यांसाठी २०१९ मध्ये लिसाँसला २,७७० आणि मास्टरला ३,७७० युरो असा दर ठरला आणि पुढे तो थोडा वाढला. अनेक विद्यापीठे त्यातून सूट देतात, आणि ती मिळणार का हे प्रवेशपत्र स्वीकारण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.