पंचगंगा खोऱ्यातील पाणीस्थितीचा अहवाल: नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

पाटबंधारे खात्यात नव्याने लागलेल्या अभियंत्याला किंवा जलविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हंगामी पाणीस्थितीचा अहवाल हे सोपं बेरजेचं काम वाटतं. प्रत्यक्षात कोणता आकडा कुठं, किती वाजता आणि कोणत्या अडथळ्याच्या वर मोजला, हे माहीत नसेल तर बेरीज बरोबर येऊनही अहवाल चुकतो.

आधी खोऱ्याची हद्द ठरवा. तुळशी आणि कुंभीचं पाणी घेऊन येणारी भोगावती प्रयाग चिखलीला कासारीला मिळते, तिथून पंचगंगा सुरू होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेत जाते. काळम्मावाडीचं धरण दूधगंगेवर आहे. त्याचा साठा पंचगंगेत धरू नका. कोल्हापूर शहराला मात्र तिथून थेट पाईपलाईननं पाणी येतं, म्हणून शहराच्या पिण्याच्या पाण्याचा हिशेब वेगळ्या पानावर ठेवा.

पावसाची साधी सरासरी इथं चालत नाही. गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शिरोळकडे त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून प्रत्येक पर्जन्यमापकाला त्याच्या क्षेत्राचं वजन द्या. थिसेन बहुभुज पद्धत (खोऱ्यातली प्रत्येक जागा तिच्या सर्वात जवळच्या मापकाकडे धरायची) पुरेशी आहे. शिवाय हवामान खात्याची नोंद सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांची असते, म्हणजे आजच्या तारखेचा बराचसा पाऊस कालचा असतो. नदीची वाढ पावसाच्या आधी झालेली दिसली, तर चूक बहुतेक इथंच असते.

सगळ्यात जास्त फसवते ती पाणीपातळी. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण पातळी म्हणजे प्रवाह नव्हे. पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे (खांबांमधल्या मोऱ्या बंद करणाऱ्या फळ्या) घालतात; मग नदी जवळजवळ थांबलेली असली तरी बंधाऱ्याच्या वर पाणी तुडुंब दिसतं. महापुरातही पातळी फसवते: कृष्णेचा फुगवटा पंचगंगेला मागं रेटतो आणि त्याच पातळीला विसर्ग (दर सेकंदाला वाहणारं पाणी) कमी भरतो. त्यामुळे पातळी-विसर्गाचा एकच आलेख वर्षभर वापरू नये. बरगे घातल्याची आणि काढल्याची तारीख प्रत्येक बंधाऱ्यागणिक नोंदवा. उन्हाळ्यात उपसा पंपांना वीज मिळण्याच्या वेळाही लिहा, कारण पंप सुरू झाले की पातळी उतरते. खात्री हवी असेल तर बंधाऱ्याच्या खाली, मोकळ्या पात्रात प्रवाहमापकानं वेग मोजा: उथळ पाण्यात पृष्ठभागापासून ०.६ खोलीवर, खोल पाण्यात ०.२ आणि ०.८ खोलीवरच्या वेगांची सरासरी.

धरणाच्या साठ्यात टक्केवारी उपयुक्त (बाहेर सोडता येणाऱ्या) साठ्याची की एकूण साठ्याची, हे आधी विचारा. १ टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे २८.३ दशलक्ष घनमीटर. आवक थेट मोजली जात नाही. साठ्यातला फरक, सोडलेलं पाणी आणि बाष्पीभवन यांच्या बेरजेतून ती काढतात. जलाशय १० चौरस किलोमीटर पसरला असेल, तर पातळी वाचताना १ सेंटिमीटरची चूक म्हणजे १ लाख घनमीटर पाणी. एका तासाच्या आवकेत तेवढ्यानं जवळपास १,००० क्युसेकचा (सेकंदाला घनफूट) फरक पडतो. चोवीस तासांवर काढली तर फक्त ४०. वाऱ्याच्या लाटा असतील त्या दिवशी ताशी आवक छापूच नये. राधानगरीचे ७ स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, त्यामुळे उघडण्याची नेमकी वेळ नोंदली नाही की विसर्ग आणि आवक दोन्ही बिघडतात.

पाऊस, प्रवाह आणि साठा हे सगळं एका आकड्यात मांडायचं तर एक नमुना आहे: अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरी खोऱ्यांसाठी १९८०च्या दशकात पृष्ठजल पुरवठा निर्देशांक तयार झाला. बर्फ, पाऊस, प्रवाह आणि साठा या प्रत्येकाचं ऐतिहासिक नोंदींतलं स्थान शंभरात काढायचं (शंभरातल्या किती नोंदी त्याहून कमी आहेत), वजनं लावून बेरीज करायची, त्यातून ५० वजा करून १२ने भागायचं. बेरीज ६२ आली तर निर्देशांक +१. सह्याद्रीत बर्फ नाही, म्हणून तो घटक गाळा. पावसाळा सरताना, १५ ऑक्टोबरच्या हिशेबात आमच्या मते साठ्याला सर्वाधिक वजन द्यावं आणि त्याखालोखाल पावसाळ्यानंतरच्या प्रवाहाला, कारण सड्यांच्या (डोंगरमाथ्यावरच्या सपाट पठारांच्या) जांभ्या दगडातून झिरपणारं पाणी तोच दाखवतो. धरण बांधण्याआधीची वर्षं प्रवाहाच्या नोंदींत मिसळू नका. वजनं ठरवली की मागच्या दहा-पंधरा वर्षांवर लावून बघा: ज्या उन्हाळ्यात उपसाबंदी आली, त्या वर्षांचा निर्देशांक उणे यायला हवा. तसा आला नाही, तर वजनं बदलण्याआधी बरग्यांच्या तारखा पुन्हा तपासा.