उन्हाळ्यात सोसायटीच्या आवारातील रस्ते आणि पार्किंगची निगा

आवाराची पाहणी बहुतेक व्यवस्थापन समित्या सकाळच्या गारव्यात उरकून टाकतात. उन्हाळ्यात मात्र ती दोन वेगवेगळ्या वेळी करावी: एकदा दुपारी तीनच्या सुमारास, जेव्हा डांबर सर्वांत मऊ असते, आणि एकदा भल्या सकाळी, जेव्हा भेगा सर्वाधिक उघडलेल्या असतात. एकाच रस्त्याची ही दोन रूपे पाहिल्याशिवाय कोणते काम काढायचे हे नीट ठरत नाही, आणि मग कंत्राटदार जे सांगेल ते मान्य करावे लागते.

हवेचे तापमान ४० अंश सेल्सिअस असताना उन्हातला डांबरी पृष्ठभाग ६० अंशांच्या सहज पुढे जातो, आणि रस्त्यासाठी वापरले जाणारे डांबर साधारण ५० अंशांच्या आसपास मऊ पडते. खडी जागच्या जागी असली तरी तिला धरून ठेवणारे डांबर ढिले होते. याचा पहिला पुरावा दुचाकीच्या साइड स्टँडखाली सापडतो. गाडीच्या वजनाचा काही वाटा स्टँडच्या दोन बोटांएवढ्या टोकावर येतो. सकाळी सपाट असलेल्या जागी संध्याकाळपर्यंत रुपयाएवढा खळगा पडलेला असतो आणि त्याच्या कडेने डांबराची बारीक वरंबी उठलेली असते. पुढे याच खळग्यात पाणी साचते आणि खडी सुटू लागते. स्टँडखाली फळीचा तुकडा ठेवणे हा उपाय साधा आहे, परंतु तो रोज कोणी पाळत नाही, असा अनुभव आहे. शक्य असल्यास दुचाकींची जागाच काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉकच्या भागात हलवावी. पाण्याचे टँकर आणि कचऱ्याची गाडी सकाळीच येतील असे पाहावे, कारण सावकाश चालणारे किंवा उभे राहिलेले जड वाहन तापलेल्या डांबरावर चाकोऱ्या पाडते. उभ्या गाडीचे स्टिअरिंग जागेवर पिळल्यानेही पृष्ठभाग खरवडला जातो. गाडी किंचित पुढे सरकू देऊन चाक वळवावे, एवढी सूचना फलकावर लावली तरी फरक पडतो.

काही ठिकाणी डांबर वर येऊन काळे, चकचकीत, बुटाला चिकटणारे डाग दिसतात. त्यांवर पाणी मारल्याने तात्पुरता गारवा मिळतो, पण डांबर तिथेच राहते. ऐन दुपारी, म्हणजे डांबर मऊ असतानाच, त्यावर कोरडी जाड वाळू किंवा दगडाची कच पसरून ती दाबावी आणि दुसऱ्या दिवशी उरलेली झाडून काढावी. गळलेले इंजिन ऑइल आणि डिझेल यांचा प्रकार वेगळा आहे: ते डांबर विरघळवतात, म्हणून भुसा किंवा वाळू टाकून आधी तेल टिपून घ्यावे, मग साबणाच्या पाण्याने जागा घासावी. दुरुस्तीला आलेले कामगार घमेली आणि फावडी डिझेलने पुसतात आणि ते ओघळ नव्याकोऱ्या थरावर पडतात, तिकडेही कोणीतरी लक्ष ठेवावे.

भेगा भरण्यासाठी कोरडी हवा चांगली, पण भर दुपार वाईट. उष्णतेने रस्ता प्रसरण पावून भेग मिटल्यासारखी दिसते आणि तेव्हा वरवर ओतलेला माल आत उतरत नाही. सकाळी लवकर भेगेतील माती आणि गवत मुळासकट काढून, ब्रश किंवा हवेच्या झोताने ती साफ करून, लवचिक सीलंट पृष्ठभागाच्या किंचित खालीपर्यंत भरावे. मात्र मगरीच्या पाठीसारखी भेगांची जाळी पडली असेल, तर सीलंटवर खर्च करू नये. तिथे खालचा थर खचलेला असतो. तेवढा भाग चौकोनी कापून, खालची भर पक्की दाबून, कापलेल्या कडांना डांबराचा हात देऊन, थर टाकत आणि प्रत्येक थर दाबत तो भरावा. एकाच वेळी पूर्ण खोली भरून वरून रोलर फिरवला, तर तीच जागा लवकरच पुन्हा बसते.

संपूर्ण रस्त्यावर सील कोट, म्हणजे डांबरावरचा पातळ संरक्षक लेप, मारण्याचा प्रस्ताव अनेकदा भेगा झाकण्यासाठीच येतो. भेगा व खड्डे दुरुस्त झाल्यानंतरच तो मारावा, नव्या डांबरावर काही महिने मारू नये, आणि एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर द्यावेत. तळपत्या उन्हात वरची साय लगेच धरते आणि आत ओल राहते, म्हणून काम सकाळी करावे. वाहने किमान २४ तास बंद ठेवावी लागतात, त्यामुळे पार्किंगचे दोन भाग करून एकेक भाग घेणे सोयीचे.

काँक्रीट उन्हाने मऊ पडत नाही, ते वाढते. चार मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांनी तापला तर सुमारे १.२ मिलिमीटर लांबतो. सांध्यात खडे आणि माती घट्ट बसली असेल तर ही वाढ सामावायला जागा उरत नाही आणि स्लॅबच्या कडा फुटतात. म्हणून सांधे उकरून साफ करणे हे इथले मुख्य काम होय. नवे काँक्रीट संध्याकाळी ओतावे, ते धरताच ओल्या गोणपाटाने झाकावे आणि किमान सात दिवस गोणपाट वाळू देऊ नये.

पेव्हर ब्लॉकचे आरोग्य सांध्यांतील वाळूवर असते. सांध्यात किल्ली घालून पाहावी. ती एक सेंटिमीटरहून अधिक आत गेली, तर वाळू भरण्याची वेळ झाली आहे. वाळू पूर्ण कोरडी हवी, आणि ती उन्हाळ्यात सहज मिळते. ती झाडूने सांध्यांत लोटून, प्लेट कॉम्पॅक्टर (सपाट तळाचे, कंप देऊन दाबणारे यंत्र) फिरवून, पुन्हा भरावी. त्यानंतर पाइपच्या जोरदार धारेने आवार धुण्याची सवय मात्र सोडावी लागेल, कारण तीच धार ही वाळू काढून नेते.

दुपारची पाहणी आणि वर आलेल्या डांबरावर वाळू पसरणे सोडून बाकीची सर्व कामे सकाळी अकरापूर्वी किंवा ऊन उतरल्यावर ठेवावीत, ती डांबरासाठी जितकी, तितकीच काम करणाऱ्यांसाठीही. मुले अनवाणी खेळतात त्या भागावर दुपारी हाताचा मागचा भाग टेकवून पाहावा. काही सेकंद टेकवता येत नसेल, तर तिथे सावलीची जाळी लावण्याचा खर्च पुढच्या बैठकीत मांडावा.