जिल्हा नियोजनाच्या बैठकीआधी आकड्यांचा मेळ कसा घालायचा

जिल्ह्याचा विकासनिधी कशावर जाणार हे ठरवणाऱ्या जिल्हा नियोजन समितीची बैठक लागली की सगळ्या खात्यांना आकडे मागवायचं पत्र जातं, ते कोणी वाचतं कोणी नाही, मग आदल्या रात्री जे आलं ते एक्सेलमध्ये भरलं जातं, आणि बैठकीत एखादे सदस्य उठून विचारतात की आरोग्याच्या पानावर लोकसंख्या एक आणि पाणीपुरवठ्याच्या पानावर दुसरी कशी काय. मग पुढचा वेळ त्यातच. हे टाळायला नवीन सॉफ्टवेअर लागत नाही, फक्त कामाचा क्रम बदलावा लागतो आणि एकदोन सवयी सोडाव्या लागतात. त्यातली पहिली म्हणजे आकडे "जुळवून घेण्याची". दोन खात्यांचे आकडे वेगळे आले की बहुतेक वेळा दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. त्यातला एक खोडून दुसऱ्यासारखा केला की माहिती वाढत नाही, कमी होते.

आधी कोणाचं काय काम ते. ७४ व्या घटनादुरुस्तीने कलम २४३ झेडडी आलं, त्यावर महाराष्ट्राने १९९८ साली जिल्हा नियोजन समित्यांचा कायदा केला. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव, आणि प्रत्यक्ष फाईल हलते जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांच्या टेबलावरून. आकड्यांची बाजू जिल्हा सांख्यिकी कार्यालयाची, म्हणजे अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची. दोन्ही कार्यालयं नियोजन विभागाच्याच छत्राखाली, बऱ्याचदा एकाच इमारतीत, तरी कित्येक ठिकाणी दोघांचा संबंध येतो तो जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन, म्हणजे जिल्ह्याच्या आकड्यांचं पुस्तक, छापून आलं की एक प्रत द्यायची एवढ्यापुरताच. पहिलं काम इथेच आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने एक साधं पत्र काढून घ्या की आराखड्यात जाणारा प्रत्येक आकडा आधी सांख्यिकी कार्यालयातून जाईल आणि प्रत्येक खात्याने त्यासाठी एक माणूस नावानिशी द्यावा. "संबंधित लिपिक" असं लिहिलेलं पत्र म्हणजे कोणीच नाही.

सुरुवात आकड्यांपासून करू नका, आराखड्यापासून करा. मागच्या वर्षीची जिल्हा वार्षिक योजना घ्या, सर्वसाधारण, अनुसूचित जाती उपयोजना, आदिवासी उपयोजना असे जे काही भाग असतील ते, आणि पेन्सिलीने खुणा करत जा की कुठला निधी कुठल्या आकड्यावर ठरला. लक्षात येईल की गोळा केलेल्या ढीगभर तक्त्यांपैकी निर्णयाला लागतात ते थोडेच. त्यांचीच काळजी घ्यायची, बाकीचे तक्ते समालोचनात छान दिसतात, त्यांना तिथेच राहू द्या.

मग त्या निवडक आकड्यांची प्रत्येकी एक कुंडली मांडायची. वर काय, खाली काय म्हणजे अंश आणि छेद, कुठल्या हद्दीतलं, कुठल्या तारखेचं, कोणी मोजलं, शेवटचं कधी दुरुस्त झालं आणि कोणाला फोन करायचा. एका आकड्याला अर्धं पान पुरतं. कंटाळवाणं काम आहे, मान्य, पण जवळपास सगळी भांडणं याच अर्ध्या पानात मिटतात.

हद्दीचं उदाहरण बघा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. २०११ च्या जनगणनेत तो नव्हताच, तेव्हा जुन्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या होती १,१०,६०,१४८. त्यातून पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे आठ तालुके वेगळे काढले की पालघरचे होतात २९,९०,११६ आणि ठाण्याकडे उरतात ८०,७०,०३२. आता कोणी ठाण्याच्या आजच्या दवाखान्यांतल्या खाटा जुन्या एक कोटी दहा लाखांनी भागल्या तर ठाणे उगाच मागास दिसणार, आणि ही चूक हिशोबाची नाही, कुठेही लाल रंगात उमटत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं तशीच पुढे जाते. उपाय एकच, जिल्ह्याची बेरीज नेहमी तालुक्यांपासून वर करत आणायची, वरून तयार आलेली घ्यायची नाही. आणि गावं नावाने जोडू नका. एकाच तालुक्यात दोन वडगाव असतात, एकच नाव तीन खात्यांत तीन पद्धतीने लिहिलेलं असतं, जिल्ह्यांची नावंसुद्धा बदलली, उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला स्वतःचा वेगळा कोड असतो, तो प्रत्येक खात्याच्या शीटमध्ये पहिल्या कॉलमला असलाच पाहिजे, यावर अडून बसा.

तिथेच अजून एक. पालघरची चाळीस टक्क्यांहून जास्त लोकसंख्या एकट्या वसई तालुक्यातली होती, त्यामुळे जिल्ह्याची सरासरी म्हणजे बरीचशी वसईची सरासरी, मोखाड्याचं त्यात काहीच दिसत नाही. नियोजनाच्या कागदावर जिल्ह्याच्या आकड्याशेजारी तालुक्यांची रांग हवीच.

हद्दीचाच दुसरा, जास्त फसवा प्रकार म्हणजे खात्याची हद्द. आरोग्याचं घ्या. जिल्हा आरोग्य अधिकारी झेडपीचे, त्यांच्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं. जिल्हा शल्य चिकित्सक वेगळे, त्यांच्याकडे ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं. महापालिका असेल तर तिचे वैद्यकीय आरोग्य अधिकारी तिसरेच. झेडपीकडून आलेला "जिल्ह्याचा" आकडा बऱ्याचदा ग्रामीण भागाचाच असतो, आणि तो संपूर्ण लोकसंख्येने भागला की झालं काम. तिघांना एकाच वेळी एकाच टेबलाशी बसवा, फोनवर हे होत नाही. त्यात जन्म-मृत्यूची नोंद होते ती घटना जिथे घडली तिथे, म्हणजे मोखाड्याची बाई बाळंतपणाला नाशिकला गेली तर जन्म नाशिकला लागतो. मोखाड्यात जन्म कमी दिसतात म्हणून तिथली सुविधा कमी करायची का? उलट, बायका बाहेर का जातात तेच तर नियोजनाने विचारायला हवं. राहण्याच्या ठिकाणानुसार आणि घटनेच्या ठिकाणानुसार असे दोन कॉलम ठेवा, दोन्ही कामाचे आहेत.

तारखांबद्दल फार लिहीत नाही, पण शाळेचं वर्ष जूनपासून, आर्थिक वर्ष एप्रिलपासून, शेतीचं जुलैपासून, आणि जनगणना १ मार्चची, हे सगळं "२०२३-२४" या एकाच शीर्षकाखाली टाकणं बंद करा एवढंच.

पिकाच्या क्षेत्राचं मात्र थोडं सविस्तर सांगावं लागेल. कृषी विभागाचा पेरणी अहवाल हंगाम चालू असताना अंदाजाने येतो, महसूलची पीक पाहणी सातबाऱ्यावर जाते, आणि २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाईलवर ई-पीक पाहणी करतो. तिन्ही आकडे वेगळे येणारच. इथे बैठकीत "खरा कुठला" असं विचारतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा आकडा खरा ठरतो. त्यापेक्षा कामानुसार आधीच ठरवून टाका, बी-बियाणं खताची तातडीची गरज काढायला पेरणी अहवाल, नंतर वर्षावर्षाची तुलना करायला सातबाऱ्यावरच्या नोंदीचा आकडा, आणि उत्पादकता हवी असेल तर पीक कापणी प्रयोगातून, म्हणजे निवडक शेतांतलं पीक प्रत्यक्ष कापून मोजून, आलेली. ठरलेलं लेखी ठेवा, पुढच्या वर्षी अधिकारी बदललेले असतात.

सर्वेक्षणाचे आकडे वापरताना नमुना बघा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण वर्षानुवर्षं मुख्यतः राज्याच्या अंदाजासाठी आखलेलं होतं, जिल्हा हा नमुन्याचा पायाभूत स्तर धरायला, म्हणजे प्रत्येक जिल्ह्यातून वेगळा नमुना निवडायला, सुरुवात झाली ती जानेवारी २०२५ पासून. म्हणजे त्याआधीच्या माहितीतून एखाद्या छोट्या जिल्ह्याची बेरोजगारी काढून स्लाईडवर लावली तर ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या कुटुंबांवर उभी असू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण जिल्ह्यापर्यंत देतं, तालुक्यापर्यंत नाही. कोणी तालुक्याचा मागितलाच तर सरळ नाही म्हणा.

शेजारच्या जिल्ह्यांशी समन्वय हा भाग सगळ्यात दुर्लक्षित. बीडचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या आसपास कोल्हापूर, सांगली, सातारा, कर्नाटकाकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या हिशोबात माणसं नसतात, कोयते असतात, आणि एक कोयता म्हणजे बहुतेक वेळा नवराबायकोची जोडी, सोबतची पोरं कुठेच नाहीत. बीडची शाळा पटावर त्या पोराला ठेवते, कारखान्याच्या आवारात तो ज्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहतो तिथे त्याला कोणी मोजत नाही. दोन्ही जिल्हे आपापल्या सोयीच्या महिन्यात मोजतात म्हणून बेरीज कधीच जमत नाही, तर एकच आठवडा ठरवून दोन्हीकडे मोजायचं आणि मुलाच्या गावाचा कोड दोन्हीकडे लिहायचा. बीडला हंगामी वसतिगृह किती हवीत आणि तिकडे कारखान्याजवळच्या साखरशाळा, अंगणवाडी किती, हे दोन्ही त्याच यादीतून निघतं. असं पत्र विभागीय आयुक्तांकडून गेलं तर हलतं, जिल्ह्याने जिल्ह्याला लिहिलेलं बहुधा आवकमध्येच राहतं. आणि इथे दोन महसुली विभाग येतात, तेव्हा दोन्ही आयुक्तालयांना आधीच कल्पना द्या.

आता नाजूक भाग. नियोजन करणाऱ्याने आकड्याला हात लावायचा नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९९४ साली अधिकृत सांख्यिकीची मूलभूत तत्त्वं आणली, आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये ती स्वीकारली, त्याचा गाभा जिल्ह्यात असा उतरतो की मोजणारा आणि ज्याची कामगिरी मोजली जाते तो वेगळा असावा. मागे पडलेल्या जिल्ह्यांसाठीच्या केंद्राच्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात आपले नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि धाराशिव आहेत, तिथे दर महिन्याला रँकिंग लागतं, आणि रँकिंग आलं की आकड्याला सुधारायची घाई होते, माणसाचा स्वभावच आहे तो. त्यामुळे उद्दिष्ट आणि साध्य कधीही एकाच माणसाकडून भरून घेऊ नका, थोड्या गावांत अचानक जाऊन पडताळणी करा, आणि बैठकीच्या निदान आठवडाभर आधी आकडे गोठवा. नंतर चूक सापडली तर दुरुस्ती करायची, पण वेगळ्या नोंदवहीत, तारीख आणि कारण लिहून, जुना आकडा दिसत राहील अशी. साहेबांनी फोनवर सांगितलं म्हणून बदललेला आकडा पुढच्या वर्षी कोणालाच आठवत नाही आणि मग त्याची वाढ काढायला बसलं की डोकं फिरतं.

कुटुंबांच्या याद्या अजेंड्याला जोडू नका. सांख्यिकी संकलन अधिनियम २००८ खाली घेतलेली माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी चाळीस घरांच्या पाड्यात "कुपोषित बालके : १" असं छापलं की ते कोणाचं हे सगळ्यांना कळतं. असे बारीक आकडे वरच्या पातळीला एकत्र करून द्या.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. नवे आकडे आले की दरडोई सगळी गणितं एका रात्रीत हलतील, काही तालुके अचानक "मागे" पडलेले दिसतील, काही पुढे गेलेले. त्याची तयारी आत्ताच करा, तुमच्या निवडक आकड्यांचे छेद २०११ च्या खऱ्या मोजणीचे कुठले आणि अंदाजाने वाढवलेले कुठले हे कुंडलीत लिहून टाका, आणि नवीन आल्यावर निदान दोनतीन वर्षं जुना आणि नवा असे दोन्ही कॉलम शेजारी शेजारी ठेवा.