काढणीच्या तोंडावर: कॉम्पोझिटसाठीचा वाख ओलसर असताना गाठीत बांधू नका

ज्यूट आणि अंबाडीची काढणी तोंडावर आली की हवेत दमटपणा वाढलेला असतो आणि पावसाची सर कधीही येऊ शकते. या धांदलीत वाख, म्हणजे पिकातून काढलेला धागा, अर्धवट वाळलेला असतानाच गाठी बांधल्या जातात आणि चार महिने पोसलेले पीक शेवटच्या दोन दिवसांत हातचे जाते. हे नुकसान मी इतक्यांदा पाहिले आहे की या सल्ल्यात इतर कामांना थोडी आणि वाळवणीला बरीच जागा दिली आहे.

दोरखंडासाठी विकलेला वाख थोडा दमट असला तरी खपून जातो. कॉम्पोझिटपासून, म्हणजे धागा आणि प्लास्टिक एकत्र साच्यात दाबून केलेल्या साहित्यापासून, मोटारीच्या दाराचे आतले पॅनेल किंवा हलके बोर्ड बनवणारा कारखाना तो परत पाठवतो. अशाच मालात वापरल्या जाणाऱ्या काचतंतूची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे 2.5 ग्रॅम असते आणि ज्यूट किंवा जवसाच्या धाग्याची 1.4 ते 1.5, म्हणून या हलकेपणासाठी कारखाना आपल्याकडे येतो. परंतु हाच धागा सेल्युलोजचा असल्याने हवेतूनही पाणी ओढून घेतो. धाग्यासोबत वापरले जाणारे पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक सुमारे 160 ते 170 अंश सेल्सिअसला वितळते आणि 200 अंशांच्या पुढे धागाच करपू लागतो, त्यामुळे साच्याचे तापमान या मर्यादेतच ठेवावे लागते. त्या उष्णतेत धाग्यातल्या पाण्याची वाफ होऊन पॅनेलमध्ये पोकळ्या राहतात आणि प्लास्टिक धाग्याला धरत नाही.

कारखाना साच्यात घालण्यापूर्वी धागा पुन्हा वाळवतो, मग आपण एवढी काळजी का घ्यायची, असे अनेक जण विचारतात. पाणी नंतर काढता येते, बुरशीने खाल्लेली ताकद परत आणता येत नाही, हे त्याचे उत्तर आहे. ओलसर गाठ आतून तापते, बाहेरचा थर खणखणीत दिसत असतानाच मधला गाभा कुजून भुगा होतो, आणि धाग्याला लागलेला कुबट वास तयार पॅनेललाही येतो, जो मोटारीच्या आतल्या भागांत मुळीच चालत नाही.

म्हणून वाख धुतल्यावर बांबूच्या आडव्या दांड्यांवर पातळ पसरावा. जमिनीवर टाकल्यास माती आणि खडे चिकटतात आणि खालची बाजू ओलीच राहते. चांगले ऊन असल्यास साधारण दोन-तीन दिवस लागतात, आभाळ असल्यास जास्त. दिवसातून एकदा उलटावा आणि दव पडण्याआधी छताखाली आणावा, कारण दिवसभर वाळलेला वाख रात्री पुन्हा दमट होतो. पावसाची चिन्हे असतील तर कुजवणीतून (साल सुटावी म्हणून पाण्यात बुडवून ठेवलेल्या जुड्यांतून) वाख काढण्यापूर्वीच छपराची सोय करून ठेवावी.

ओलावा मोजण्याची प्रमाण पद्धत सोपी आहे: 100 ग्रॅम नमुना 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा आणि घट पाहावी. ज्यूटच्या व्यापारात 13.75 टक्के ओलावा प्रमाण मानतात, पण तो कोरड्या वजनावर काढलेला असतो. मूळ वजनावर हाच आकडा सुमारे 12.1 टक्के येतो. खरेदीदाराशी करार करताना कोणत्या वजनावरचा टक्का, हे लिहून घ्यावे, नाहीतर वजनकपातीचा वाद ठरलेला. शेतावरचा माझा ठोकताळा असा आहे की, बटीच्या मध्यातला झुबका गालाला लावावा: गार लागला तर थांबावे, आणि मुठीत पिळल्यावर कुरकुर वाजला तर बांधावा.

या हंगामात विक्रेते धाग्यावर मारायची बुरशीनाशके आणि मऊपणा आणणारी तेले घेऊन येतात. ही घेऊ नका. तेलाचा थर बसला की राळ (साच्यातले प्लास्टिक) धाग्याला चिकटत नाही, आणि औषध फवारले तरी गाठीतला ओलावा तिथेच राहतो. कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया कारखान्यात ठरावीक तीव्रतेने होते. शेतावर अंदाजाने केल्यास धागा दुबळा होतो. तेवढ्याच पैशांत बांबू आणि ताडपत्री घ्या.

नेहमीची कामे:
- ज्यूट फुलोरा ते लहान बोंडे या अवस्थेत कापावे.
- जुड्या पाने गळेपर्यंत तीन-चार दिवस शेतात ठेवाव्यात.
- कुजवणीसाठी स्वच्छ, संथ वाहते पाणी वापरावे.
- दाबण्यासाठी दगड घ्यावेत. चिखल आणि केळीचे खुंट टाळावेत, त्यांनी धागा काळवंडतो.
- दहाव्या दिवसापासून रोज साल सुटते का ते पाहावे.
- घायपाताची पाने कापल्यावर लगेच वाख काढावा.

एखादी गाठ आधीच ओलसर बांधली गेली असेल तर ती आजच उघडा, आतला भाग हाताने तपासा आणि पुन्हा दांड्यांवर टाका. काळपट किंवा कुबट वासाचा वाख वेगळा ठेवून फक्त दोरीसाठी विकावा. चांगल्या गाठीत त्याच्या चार बटा जरी मिसळल्या तरी कारखाना सगळा माल नाकारू शकतो. उरलेल्या गाठी जमिनीपासून वर, भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर रचाव्यात आणि पावसाळी दिवसांत आठवड्यातून एकदा मधली एखादी गाठ ओढून तिच्या गाभ्यात हात घालून पाहावा.