सांगलीतून रिमोट की थेट जर्मनी?

जर्मनीतल्या रिसर्च ग्रुपची ऑफर आली की घरचे लगेच बॅगा भरायला घेतात, पण थांबा, आधी काम कसलंय ते बघा. मशीन, सॅम्पल, लॅब लागत असेल तर विषयच संपला, जावंच लागतंय. नुसतं कोडिंग नाहीतर डेटाचं असेल तरच सांगलीत विश्रामबागेतल्या घरी बसून जमतं.

मग कॉन्ट्रॅक्ट नीट वाचा. त्यांची भारतात कंपनी नसेल तर बहुतेक वेळा कन्सल्टंट म्हणून घेतात, म्हणजे पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि टॅक्स आपला आपण भरायचा, अ‍ॅडव्हान्स टॅक्सचा (वर्ष चालू असतानाच हप्त्यानं भरायचा टॅक्स) पहिला हप्ता १५ जूनला. वर्षात १८२ दिवस इथं काढले की बाहेरची कमाईपण इथल्या रिटर्नमध्ये दाखवावी लागते. सीएला आधीच गाठा, मी मार्चअखेर गेलो आणि व्याज भरत बसलो.

वेळेचं टेन्शन नको, त्यांची दुपारी ३ ची मीटिंग आपल्याला उन्हाळ्यात साडेसहाला, हिवाळ्यात साडेसातला. राउटर मात्र इन्व्हर्टरवरच जोडा, पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

जायचंच ठरलं तर ब्लू कार्ड (शिकलेल्या परदेशी लोकांना तिथं राहून नोकरी करायचा परवाना) मिळतंय का विचारा, त्यात नवऱ्याला किंवा बायकोलापण तिथं नोकरी करता येते.